सोळा पिक्सेलांचा प्रश्न

सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरचे चित्र २५६ पिक्सेल रुंद असे. निन्टेंडोच्या गेम बॉय अॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या कन्सोलचा पडदा २४० पिक्सेल रुंद. फरक अवघा सोळाचा. पण १९८३ साली स्पेक्ट्रमवर आलेला ‘मॅनिक मायनर’ २००२ साली जेस्टर इंटरअॅक्टिव्हने गेम बॉय अॅडव्हान्सवर आणला, तेव्हा या सोळा पिक्सेलांनी एक असा प्रश्न उभा केला की जो जुना खेळ नव्या यंत्रावर आणताना आजही टाळता येत नाही. मूळ कलाकृती नव्या जागेत मावत नसेल, तर कापायचे काय?

आधी खेळाविषयी. मॅथ्यू स्मिथ नावाच्या सतरा वर्षांच्या इंग्लिश मुलाने ‘मॅनिक मायनर’ एकट्याने, काही आठवड्यांत लिहिला. काम केले टीआरएस-८० या वेगळ्याच कॉम्प्युटरवर आणि तयार झालेला प्रोग्रॅम तिथून स्पेक्ट्रममध्ये उतरवला. बिल होग यांच्या ‘मायनर २०४९र’ या अमेरिकन खेळाचा त्याच्यावर प्रभाव आहे, आणि तो लपवलेलाही नाही. वीस गुहा, प्रत्येक गुहेत लुकलुकणाऱ्या काही वस्तू, त्या सगळ्या गोळा केल्या की उघडणारे एक दार, आणि खाली सतत कमी होत जाणारी हवेची पट्टी. खाणकामगार विली चालतो आणि उडी मारतो, याशिवाय त्याला काही येत नाही. जीव तीन. तिन्ही गेले की पुन्हा पहिल्या गुहेपासून सुरुवात. तुम्ही अठराव्या गुहेपर्यंत पोचला होतात याची यंत्राला काही पडलेली नसते.

या खेळाची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. प्रत्येक गुहा एका पडद्यात संपूर्ण दिसते. स्पेक्ट्रमचे चित्र आठ बाय आठ पिक्सेलांच्या चौकोनांत विभागलेले असते: आडवे ३२, उभे २४. त्यातले वरचे सोळा थर गुहेसाठी, आणि उरलेल्या खालच्या भागात गुहेचे नाव, हवा, गुण आणि शिल्लक जीव. म्हणजे खेळाची खरी जागा २५६ बाय १२८. गेम बॉय अॅडव्हान्सचा पडदा २४० बाय १६०. उंचीचा प्रश्नच नाही, गुहा बसवून वर बत्तीस पिक्सेल उरतात. अडचण फक्त रुंदीत आहे. बत्तीस रकान्यांपैकी तीसच बसतात.

आता तुम्हीच ठरवा. चित्र आक्रसून बसवले, तर एकेका पिक्सेलाने मोजून काढलेली रेघ मध्येच गायब होते किंवा शेजारणीला चिकटते. सोळा पिक्सेल उंचीच्या विलीला नाक-डोळे मोजक्या ठिपक्यांचे, त्यातला एखादा ठिपका गेला तरी चेहरा जातो. चित्र विलीबरोबर सरकवले, तर गुहेचा एक काठ नेहमी नजरेआड राहतो. तिसरी वाट म्हणजे दोन रकाने सरळ छाटून टाकणे. ही वाट ऐकायला सर्वांत रानटी वाटते, पण पहिली गुहा नीट पाहा. तिच्या दोन्ही टोकांच्या रकान्यांत विटांच्या भिंती आहेत. तिथे काही घडत नाही, विली तिथे जाऊ शकत नाही. त्या झाकल्या तर खेळातले काही जात नाही, फक्त गुहेची चौकट जाते आणि पडद्याची कड हीच भिंत होते. माझा कौल भिंती कापण्याच्या बाजूने आहे. सरकते चित्र दिसायला गुळगुळीत असते, पण ते या खेळाच्या मुळावर येते.

का, ते सांगतो. ‘मॅनिक मायनर’ची गुहा हे एक कोडे आहे, आणि कोडे संपूर्ण समोर असावे लागते. पहिल्या गुहेत विली खाली डावीकडे उभा असतो आणि दार खाली उजवीकडे असते. दोघांमधले अंतर सरळ चालत जाण्याइतके. पण वस्तू सगळ्या वर आहेत, वाटेत पाय ठेवताच ढासळू लागणारी जमीन आहे, एक सरकता पट्टा आहे आणि एक येरझाऱ्या घालणारा शत्रू आहे. खेळणारा पहिले काही क्षण काहीच करत नाही. तो बघतो. कुठल्या क्रमाने जायचे, कुठली जमीन शेवटपर्यंत राखून ठेवायची, शत्रू टोकाला पोचून वळला की आपण कुठे असायला हवे, याचा मनात आराखडा करतो. तोपर्यंत हवा कमी होतच असते. यूजीन नावाच्या राक्षसाच्या गुहेत तर शेवटची वस्तू उचलली की तो दारावर उतरून बसण्यासाठी निघतो. तो कुठे आहे, दार कुठे आहे आणि आपण कुठे आहोत, या तिन्ही गोष्टी एका नजरेत दिसल्या तरच तो क्षण न्याय्य ठरतो. एक बाजू नजरेआड असेल, तर मरण अचानक येते आणि खेळणाऱ्याला फसवल्यासारखे वाटते. मूळ खेळ क्रूर आहे, पण फसवा नाही. हा फरक खेळ नव्या यंत्रावर आणणाऱ्याने ओळखला नाही, तर सगळी चित्रे जशीच्या तशी आणूनही खेळ मागेच राहतो.

दोन वर्षांनी, २००४ साली निन्टेंडो डीएस हा हातातला कन्सोल आला. त्याचे दोन पडदे, आणि प्रत्येक २५६ बाय १९२ पिक्सेलांचा. स्पेक्ट्रमचे चित्र नेमके एवढेच असते. बावीस वर्षांच्या अंतराने, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन कंपन्यांच्या यंत्रांत ठिपक्याला ठिपका जुळावा, याचा मला आजही आनंद होतो. आणि त्याच वेळी हेही जाणवते की जुन्या खेळांचे जगणे किती योगायोगावर अवलंबून आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. आजच्या खेळणाऱ्याला एवढा कठोरपणा झेपत नाही, हातातला कन्सोल दहा मिनिटांच्या फावल्या वेळात उघडला जातो, तेव्हा खेळ सौम्य करा, नवी चित्रे घाला, मधल्या टप्प्यावर जपून ठेवण्याची सोय द्या, नाहीतर जुन्या आठवणीत रमणाऱ्यांपलीकडे तो कोणी खेळणार नाही. यातल्या बऱ्याच भागाशी मी सहमत आहे. जपून ठेवण्याची सोय दिल्याने मूळ खेळाचा अपमान होतो, असे मानणाऱ्यांना मी स्मिथच्याच खेळातला एक आकडा दाखवतो: ६०३१७६९. बग-बाइट या प्रकाशकाने काढलेल्या मूळ आवृत्तीत खेळ चालू असताना हा आकडा टाइप केला की हव्या त्या गुहेत उडी घेता येत असे. म्हणजे मागचे दार पहिल्या दिवसापासून होते आणि ते खुद्द लेखकाने बसवले होते. त्याच्याकडून शिकावे ते हेच: वाट सोपी करून द्या, गुहा सोपी करू नका.

विलीची उडी हे त्याचे उत्तम उदाहरण. ती एकाच मापाची आहे. एकदा पाय सुटले की हवेत दिशा बदलता येत नाही, उडी आखूड करता येत नाही, थांबता येत नाही. प्रमाणाबाहेर उंचावरून पडला की विली मरतो. नंतरच्या काळात, विशेषतः कन्सोलवरच्या उड्या मारण्याच्या खेळांत, हवेत असतानाही पात्र वळवता येऊ लागले आणि आपल्या बोटांना त्याची सवय झाली. त्यामुळे नवी आवृत्ती काढणाऱ्याला पहिला मोह होतो तो उडी ‘सुधारण्याचा’. पण वीसही गुहांमधले प्रत्येक अंतर, प्रत्येक कपार, प्रत्येक शत्रूची चाल त्या एका उडीवर बेतलेली आहे. उडी बदलली की गुहांचा अर्थच बदलतो. कुठे एखादी अवघड जागा पोरखेळ होते, तर कुठे सोपी जागा विनाकारण चकवते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे उडी मारण्यापूर्वीचा तो निर्णयाचा क्षण जातो. हवेत चूक दुरुस्त करता येत असेल, तर जमिनीवर विचार कोण करेल?

तेव्हा जुन्या खेळाला हात लावताना मी एकच प्रश्न विचारतो. हा बदल खेळाभोवतीचा आहे, की खेळातला? नियंत्रणांचे पाहा. स्पेक्ट्रमवर ‘मॅनिक मायनर’ची कळांची मांडणी अजब होती. अक्षरांच्या वरच्या ओळीतली एक कळ डावीकडे नेणारी, तिच्या शेजारची उजवीकडे, पुन्हा पुढची डावीकडे, अशा आलटून पालटून. आणि सर्वांत खालची ओळ उडीसाठी. हातातल्या कन्सोलवर दिशांची चकती आणि एक बटण मिळते. हा बदल मला मनापासून आवडतो, कारण विलीला दोन दिशा आणि एक उडी एवढेच हवे आहे आणि चकती ते स्वच्छ देते. कॅसेटच्या फितीवरून यंत्रात खेळ चढण्याची काही मिनिटांची प्रतीक्षा गेली, तेही चांगलेच झाले. त्या प्रतीक्षेच्या आठवणी लोक प्रेमाने काढतात, पण ती खेळाचा भाग नव्हती.

रंगांचे मात्र इतके सोपे नाही. स्पेक्ट्रमवर आठ बाय आठच्या एका चौकोनात दोनच रंग मावत. हलणारी आकृती एका चौकोनातून दुसऱ्यात शिरली की कुणाचा तरी रंग कुणाला तरी लागे. ही मर्यादा स्वस्तातल्या रचनेतून आली होती. १९८२ साली १६ केबीचा स्पेक्ट्रम १२५ पौंडांना विकायचा म्हणजे स्मृती (मेमरी) कुठेतरी वाचवायलाच हवी होती. पण त्या मर्यादेत काम करता करता काळ्या पार्श्वभूमीवरच्या भडक, वेगळ्या उठून दिसणाऱ्या आकृत्यांची एक शैली घडली. नवे रंग भरा, हरकत नाही. एका बटणावर जुने रंग परत येऊ द्या, एवढेच.

आवाजाचीही तीच गत. स्पेक्ट्रममध्ये ध्वनीसाठी वेगळी चिप नव्हती, मुख्य प्रोसेसरलाच स्पीकर हलवावा लागे, आणि तेवढा वेळ त्याला दुसरे काही करता येत नसे. तरीही स्मिथने खेळ चालू असताना ग्रीगची ‘इन द हॉल ऑफ द माउंटन किंग’ ही धून वाजती ठेवली. ती करकरते आणि अडखळते, कारण प्रत्येक सुरामागे प्रोसेसर विलीला हलवायला धावत असतो. त्या जागी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण घातले, तर कानाला बरे वाटेल, पण तो पराक्रम ऐकू येणार नाही.

‘मॅनिक मायनर’नंतर १९८४ साली स्मिथचाच ‘जेट सेट विली’ आला आणि त्याने मूळ संहिता म्हणजे काय हा प्रश्न आणखी अवघड करून ठेवला. त्यात एक प्रसिद्ध दोष होता. माळ्याच्या खोलीत गेले की स्मृतीतली माहिती बिघडे आणि दुसऱ्या खोल्या जीवघेण्या होत. खेळ पूर्ण करणेच अशक्य होई. प्रकाशकाने आधी सांगितले की हे मुद्दाम केले आहे, आणि नंतर दुरुस्तीचे ‘पोक’ जाहीर केले. पोक म्हणजे स्मृतीतल्या अमुक जागी अमुक आकडा भर, अशी सूचना. खेळणारे ते आकडे हाताने टाइप करत. आता हा खेळ हातातल्या कन्सोलवर आणायचा तर कुठला आणायचा? दोष असलेला, की दुरुस्त केलेला? माझे उत्तर आहे, दोन्ही. जुन्या पोथ्यांचे संपादक पाठभेद टाकून देत नाहीत, ते तळटीपेत देतात. दुरुस्त आवृत्ती खेळण्यासाठी ठेवा आणि माळ्याचा दोष कुठे होता तेही पाहू द्या. पिढीच्या पिढीने तो दोष अनुभवला, त्यावर वाद घातले, आकडे वह्यांत उतरवले. ते पुसून टाकण्याचा अधिकार नव्या प्रकाशकाला नाही.

इथवर मी कारागिरीविषयी बोललो. पण खरा सार्वजनिक प्रश्न मालकीचा आहे. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे स्वामित्वहक्क चालतो, आणि कॉम्प्युटर प्रोग्रॅमलाही साहित्यकृतीसारखेच संरक्षण आहे. स्मिथने सतरा वर्षांचा असताना लिहिलेला खेळ सार्वजनिक व्हायला अजून निदान ७० वर्षे जातील. तो ज्या चुंबकीय फितींवर विकला गेला, त्या तोवर वाचण्याजोग्या राहणार नाहीत. ज्या वस्तूचे आयुष्य काही दशकांचे, तिला शतकाहून मोठे कुलूप लावून ठेवणे म्हणजे तिला मरू देणे आहे. आज हे खेळ टिकले आहेत ते मुख्यतः हौशी लोकांमुळे. त्यांनी फिती उतरवून घेतल्या, नव्या कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम म्हणजे इम्युलेटर लिहिले आणि बहुतेक वेळा कोणाची परवानगी घेतली नाही, कारण परवानगी कोणाकडे मागायची हेच अनेकदा कळत नव्हते.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्कबरोबर केलेल्या पाहणीत असे दिसले की २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. तरीही संशोधकांना ग्रंथालयांनी असे खेळ दुरून वापरायला द्यावेत, यासाठी मागितलेली सवलत अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने २०२४ साली नाकारली. खेळ मौजेसाठी वापरले जातील, अशी भीती त्या चर्चेत मांडली गेली. मला हा युक्तिवाद समजत नाही. कादंबरी मौजेसाठी वाचली जाईल म्हणून ग्रंथालयाने ती कुलपात ठेवावी, असे कोणी म्हणत नाही.

अशा परिस्थितीत एखादी कंपनी हक्क मिळवून जुना खेळ कन्सोलवर आणते, तेव्हा मी तिचे स्वागत करतो. पण पुनरुज्जीवनालाही मरण असते, आणि ते मूळ खेळाच्या मरणापेक्षा लवकर येते. निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या कन्सोलांची ऑनलाइन दुकाने २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. ज्यांनी आधी घेतले त्यांच्याकडे राहिले, नव्याने कोणी तिथून काही विकत घेऊ शकत नाही. अॅपलने २०१७ साली आयओएस ११ आणताना ३२-बिट अॅप चालवणे थांबवले, आणि ज्यांच्या निर्मात्यांनी अॅप नव्याने बांधले नाहीत, ते खेळ त्या दिवसापासून उघडेनासे झाले. १९८३ची फीत अजूनही एखाद्या चालू स्पेक्ट्रमवर चढू शकते, आणि २०१२चे अॅप आजच्या फोनवर चढत नाही. हातातल्या यंत्रावर आलेला खेळ वाचला, असे आपण फार लवकर म्हणतो.

परवानगी देणे अवघड असते असेही नाही. सिंक्लेअरचा कॉम्प्युटर व्यवसाय १९८६ साली अॅमस्ट्रॅडने विकत घेतला होता. स्पेक्ट्रमच्या रॉमचा, म्हणजे यंत्रात कायम बसवलेल्या मूळ प्रोग्रॅमचा, हक्क त्यामुळे अॅमस्ट्रॅडकडे होता, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने सांगितले की हक्क आमचाच, पण इम्युलेटरबरोबर ही रॉम वाटायला आमची हरकत नाही. बस्स. एका पत्राएवढा मजकूर, आणि जगभरच्या इम्युलेटर लिहिणाऱ्यांना उजळ माथ्याने काम करता आले. कंपनीने त्यात काही गमावल्याचे मला तरी दिसत नाही. खेळ लिहिणारे जॉर्डन मेकनर यांचेही तसेच. १९८९ साली अॅपल टूवर आलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ सोर्स कोड हरवला आहे असे समजले जात होते. २०१२ साली त्यांच्या वडिलांना फ्लॉप्यांची एक पेटी सापडली, जुनी यंत्रे सांभाळणाऱ्या तज्ज्ञांनी त्या वाचून दिल्या, आणि मेकनर यांनी तो कोड सर्वांना पाहण्यासाठी खुला केला. ती पेटी आधीच कोणी टाकून दिली असती तर?

उलट उदाहरणही आहे. २०१६ साली ‘झेडएक्स स्पेक्ट्रम वेगा प्लस’ या हातात धरायच्या यंत्रासाठी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करण्यात आले. पाच लाख पौंडांहून अधिक जमले. यंत्र लांबत गेले, नावाचा परवाना २०१८ साली गेला, आणि बहुतेक पैसे देणाऱ्यांच्या हातात काही पडले नाही. लोकांनी एवढा विश्वास टाकला तो त्या खेळांवरच्या प्रेमापोटी. त्या प्रेमाला बाजारात किंमत आहे, म्हणूनच ते हाताळणाऱ्यांवर जबाबदारीही आहे.

म्हणून माझी मागणी थोडी आणि ठोस आहे. हक्क असलेल्याने एखादा खेळ बाजारातून काढून घेतला आणि ठरावीक वर्षे पुन्हा आणला नाही, तर ग्रंथालयांना तो जपण्याचा आणि वाचकाला दुरूनही वापरू देण्याचा अधिकार कायद्याने मिळावा. हक्कदार परत आला, तर त्याचा हक्क त्याला परत. आणि जो कोणी खेळ नव्या यंत्रावर आणेल, त्याने मूळ आवृत्ती, तिच्या सगळ्या दोषांसकट, त्याच पेटीत द्यावी. लेखकाचे नाव पहिल्या पडद्यावर, आणि त्याचा वाटा त्याच्या खात्यात. मॅथ्यू स्मिथने एकट्याने लिहिलेल्या खेळावर नंतर अनेकांनी हात फिरवला. त्या हातांची नावे मोठी आणि त्याचे नाव श्रेयनामावलीच्या तळाशी, असे कधी होता कामा नये.

राहिला एकच वाद, जो माझ्या मित्रांशी अजून मिटलेला नाही: पेटी उघडल्यावर आधी काय दिसावे? ते म्हणतात नवी, रंगीत आवृत्ती, म्हणजे नवा खेळणारा बुजणार नाही. मला वाटते जुनी. काळ्या पडद्यावर भडक लाल जमीन, लुकलुकणाऱ्या पाच वस्तू, करकरणारी धून आणि डावीकडे उभा असलेला ठिपक्यांचा विली. नवा खेळणारा पहिल्याच मिनिटात मरेल हे मला ठाऊक आहे. पण तो मरेल तेव्हा सगळी गुहा त्याच्या डोळ्यांसमोर असेल, आणि आपण कुठे चुकलो हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.